मुअल्लाचे उपाशी उंदीर

मोदा, इस्तंबूल
१५ एप्रिल १९८४

प्रिय मुअल्ला,

तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? एर्झुरुमचं बर्फ वितळायला लागलं की अजून तसंच? पत्राची सुरुवात कधी 'मी'नं करायची नाही, आधी समोरच्याची विचारपूस, असं सिस्टर क्लोतिल्द शिकवायच्या. पंचावन्नी उलटली तरी त्यांची पट्टी अजून बोटांवर बसल्यासारखी वाटते. परवा शाळेवरून गेले. फाटकातला जास्वंदीसारखा लाल दरवाजा आता करडा रंगवलाय. आत मुली फ्रेंचमध्ये प्रार्थना म्हणत होत्या, आपण म्हणायचो तशाच, अर्थाकडे लक्ष न देता, सुरात. मी तिथेच उभी राहिले. सरबतवाल्यानं विचारलं, "हानम, वाट चुकलात का?"

आता माझं सांगते. म्हणजे रऊफचं, बायकोचं वेगळं काय असतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लष्कराच्या हुकमानं त्याला विद्यापीठातून, भूगोलाच्या प्राध्यापकीवरून काढलं हे तुला माहीत आहे. कारण सांगितलं नाही, विचारायची सोय नाही. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतो. हिवाळ्यात पोट दुखायला लागलं. जेवल्यावर दुखतं, न जेवता दुखतं. फोटो काढला तर मोठा व्रण निघाला. सर्जन म्हणाले, पोटाचा बराच भाग काढावा लागेल.

रऊफ म्हणाला, "आधी खुर्ची काढून घेतली, आता पोट काढून घ्यायला निघालात. काहीतरी माझ्याकडे राहू द्या की, डॉक्टर!"

डॉक्टर हसले. रऊफ हसला नाही. कोट घालून सरळ बाहेर पडला, आणि आता ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. दूध, उकडलेला बटाटा, पुन्हा दूध. चेहरा कागदासारखा झालाय. वडील असेच गेले त्याचे, व्रण फुटून. मला झोप लागत नाही गं.

तू उंदरांच्या पोटात व्रण उठवतेस आणि औषधं देऊन बघतेस, असं मागे लिहिलं होतंस. तेव्हा मी शिसारी आली म्हणून पान उलटलं होतं. आता विचारते. काही सापडलंय का?

तुझी,
नेझिहे

*

एर्झुरुम
२ मे १९८४

प्रिय नेझिहे,

खोकला गेला. बर्फ आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते, पण जेवण झाल्यावर वाच. उंदराला एक दिवस उपाशी ठेवायचं. मग तारेच्या अशा नळीत सरकवायचं की त्याला वळता येऊ नये, आणि ती नळी थंड कपाटात ठेवायची. कुणी त्याला मारत नाही, टोचत नाही. काही तासांनी पोट उघडून भिंगाखाली धरायचं. आतून ते रक्ताळलेलं असतं, काळपट ठिपके, रेघा. इतकंच करावं लागतं: हलू द्यायचं नाही. तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना 'खिडकीजवळच्या खुर्चीत' या शब्दांपाशी आले आणि घडी घालून ठेवून दिलं.

सध्या आम्ही माणसांना उदासीवर देतात ते एक औषध आठवडाभर उंदरांना आधी देतो आणि मग नळीत घालतो. बाहेरदेशी काही लोकांना त्यानं व्रण कमी झालेले दिसलेत, काहींना नाही. माझ्या हाती अजून काहीच लागलेलं नाही. उंदीर अशक्त होते, नव्यांची वाट बघत होते, ते गेल्या आठवड्यात आले. आमचा दुरसुन एफेंदी त्यांची बडदास्त ठेवतो. म्हातारा साखरेचा खडा दातात धरून चहा पितो आणि पिंजऱ्यांशी गप्पा मारतो. "होजाहानम, हा कोपऱ्यातला आज रुसलाय," असं मला येऊन सांगतो. कुणाच्या पिंजऱ्यात औषध आहे आणि कुणाच्या नुसतं पाणी, हे मी त्याला सांगत नाही. तसा नियम आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. रऊफ बेंना सर्जनकडे ने. हे पहिलं आणि हेच शेवटचं समज.

मुअल्ला

*

मोदा
२९ मे १९८४

प्रिय मुअल्ला,

तुझं पत्र आलं तेव्हा खिडकीखाली ज्युडास वृक्षाची जांभळी फुलं झडून गेली होती. तू असतीस तर गोळा करून पुस्तकात दाबली असतीस. माझ्या फ्रेंच शब्दकोशात अजून तुझी एक पाकळी आहे, तपकिरी झालेली.

रविवारी रऊफला कसंबसं फिरायला काढलं. समोरून मुनीर बे येत होते, वीस वर्षं एका खोलीत बसून शिकवलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं, थबकले, आणि रस्ता ओलांडून पलीकडे एका बंद दुकानाची काच न्याहाळत उभे राहिले. रऊफ म्हणाला, "बिचारा. टोप्यांच्या दुकानात काय बघत असेल? त्याला टोपी शोभत नाही." घरी आल्यावर त्यानं बेसिनमध्ये दूध ओकून टाकलं.

मी तुझ्या औषधाचा विषय काढला. "मुअल्ला म्हणते, उदासीवरचं एक..." एवढंच बोलले असेन.

"मी उदास नाही, नेझिहे. माझा अपमान झालाय. त्यावर गोळी निघाली की सांग."

"अरे, पोटासाठी..."

"वेड्यांची गोळी मी घेणार नाही. घेतली की त्यांचंच म्हणणं खरं होईल, की याचं डोकं ठीक नव्हतं."

तुझ्या प्रयोगाचं कधी कळेल? लवकर कर गं. हे म्हणायला लाज वाटते, पण मी रोज तुझ्या उंदरांसाठी दुवा मागते.

नेझिहे

*

एर्झुरुम
३ जुलै १९८४

माझ्या नेझिहे,

ईद मुबारक. तू म्हणशील हिला काय झालं, इतकं मोठं अक्षर काढलंय. सांगते.

रमझान चालू असतानाच प्रयोग केला. इथे उन्हाळ्याचा दिवस संपता संपत नाही, सगळा विभाग रोजानं मलूल, आणि त्यात उंदीरही उपाशी. दुरसुन एफेंदी म्हणायचा, "होजाहानम, या खोलीत आपण सगळेच रोजेदार!" ईदच्या आदल्या दिवशी शेवटची पोटं उघडली. नुसतं पाणी दिलेल्यांची नेहमीसारखी, डागाळलेली. औषध दिलेल्यांची गुलाबी. नेझिहे, गुलाबी, स्वच्छ, एखाददुसरा ठिपका. मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. माझ्या सगळ्या नोकरीत असा फरक मी पाहिलेला नाही. दुपारी दार लावून एकटीच नाचले, आपण चर्चच्या मागे नाचायचो तसं, मोजे सरकेपर्यंत.

आता शहाणपणाचं. हा एकच प्रयोग आहे. पुन्हा करावा लागेल, अंकाऱ्याहून नवे उंदीर सप्टेंबरशिवाय येणार नाहीत. तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. पण तुला कळवल्याशिवाय राहवेना.

तुझीच,
मुअल्ला

*

मोदा
२० ऑगस्ट १९८४

प्रिय, प्रिय मुअल्ला,

तुझे हात पुढे कर, मी त्यांचं चुंबन घेते. वयानं तू माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहेस, तरी घेते.

रऊफ बरा आहे! मी त्याला समजावलं, त्यानं ऐकलं, जुलैपासून औषध चालू आहे. पहिला आठवडा नुसता पेंगत होता. मग एके सकाळी उठून स्वतः दाढी केली. दुखणं कमी होत होत आता नाहीच म्हणतो. रात्री झोपतो. तोंड कोरडं पडतं म्हणून सारखं पाणी पितो, एवढीच तक्रार. धक्क्यावर फिरायला जातो, तिळाच्या पावाचं कडं विकत घेतो, अर्धं सीगलना, अर्धं स्वतः. काल मुनीर बे पुन्हा दिसले, तर हा स्वतःच रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, "घेतली का टोपी?" मुनीर बे रडायला लागले. दोघं चहा पिऊन आले.

आणि त्यानं खुर्ची खिडकीपासून हलवली. म्हणतो, आता या कोपऱ्यात टेबल हवं, डोंगररांगांवरचं पुस्तक पुरं करायचंय. "लष्करानं काढलं, पण मी स्वतःला परत कामावर घेतलं," असं दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगतो. मी आत स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल धरून उभी असते.

हे सगळं तुझ्यामुळे. तुझ्या गुलाबी पोटांमुळे.

नेझिहे

*

एर्झुरुम
३० सप्टेंबर १९८४

प्रिय नेझिहे,

पत्र छोटं आहे, घाईत लिहितेय. रऊफ बेंना कुठल्या डॉक्टरनं तपासलंय? औषध सुरू केल्यावर पोटाचा फोटो काढलात का? नसेल तर या आठवड्यात काढा. शौचाला काळं, डांबरासारखं होतं का, हे त्यांना विचार. लाजू नकोस. थकवा येतो का तेही. मला लगेच कळव.

इथे थंडी सुरू झाली. नव्या उंदरांचं काम चालू आहे.

मुअल्ला

*

मोदा
१२ ऑक्टोबर १९८४

मुअल्ला,

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. वाटलं, ही एकटी राहते, हिला कुणाचं सुख बघवत नाही. हे लिहिते कारण तुझ्यापासून मला काहीच लपवायचं नाही, आणि मी एक गोष्ट लपवली आहे.

रऊफला औषधाचं माहीत नाही.

त्यानं कधीच ऐकलं नसतं. तुझं जुलैचं पत्र आलं त्याच दिवशी मी ओन्निक बेंच्या औषधाच्या दुकानात गेले, तुझ्या औषधाचं नाव सांगितलं, म्हटलं, मला झोप येत नाही, मन लागत नाही. ते म्हणाले, "या दिवसांत कुणाला येते, मादाम," आणि डबी दिली. तेव्हापासून ती गोळी कुटून रोज संध्याकाळच्या तांदळाच्या खिरीत घालते. कडू आहे, म्हणून वर दालचिनी पेरते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काय हे, व्यापारी जहाज बुडालं का किनाऱ्याला? इतकी दालचिनी?" आता त्याला तशीच आवडते. कुणाकडे खीर खाल्ली की म्हणतो, आमच्या नेझिहेच्या हाताची चव नाही.

त्यामुळे कुठला डॉक्टर, कुठला फोटो? फोटो का काढायचा, असं तो विचारेल. त्याला काही दुखतच नाही. शौचाचं विचारलं तर म्हणाला, "आता हेही खातं लष्करानं तुझ्याकडे दिलं का?" थकतो थोडा, पण धक्क्यावर जाऊन येतो, थकणारच.

बिचकू नकोस. तो हसतोय, मुअल्ला. दीड वर्षानंतर हसतोय. मी पाप केलं असेल तर खिरीएवढंच.

नेझिहे

*

एर्झुरुम
२१ ऑक्टोबर १९८४

नेझिहे,

तुझं पत्र आलं त्या दुपारी पोस्टात जाऊन तुझ्या घरी फोन लावला. रऊफ बेंनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मुअल्ला हानम! एर्झुरुममध्ये फोनच्या तारा गोठल्या नाहीत अजून?" मग त्यांनी एक विनोद सांगितला, एका पाशाचा आणि त्याच्या गाढवाचा. स्वतःच खूप हसले. मी विचारलं, नेझिहे आहे का? म्हणाले, बाजारात गेलीये, माझ्या खिरीचे तांदूळ आणायला. थंडीत जपा, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. आता लिहिते.

सप्टेंबरात प्रयोग पुन्हा केला. फरक नाही. औषधवाल्यांची पोटं तशीच डागाळलेली, पाणीवाल्यांसारखी. पुन्हा केला. तेच. मी औषधाची बाटली बदलली, भिंग बदललं, तुला ते घाईचं पत्र लिहिलं आणि खरं कारण लिहिलं नाही. वाटलं, माझीच कुठेतरी चूक असेल, सापडेल.

गेल्या आठवड्यात दुरसुन एफेंदीला विचारलं, "जूनमध्ये आणि आता, काय वेगळं होतं? तू काही वेगळं केलंस?"

"मी? नाही होजाहानम. तेव्हा रमझान होता, एवढंच."

"रमझानचा काय संबंध?"

"म्हणजे, आता मी कुणाला खायला घालत नाही ना."

तो समजावून सांगायला लागला, अगदी शांतपणे, मी लहान असल्यासारखं. एका बाजूच्या पिंजऱ्यांतले उंदीर गुंगल्यासारखे पडून राहायचे, डोळे अर्धे मिटलेले. ते आजारी आहेत हे कुणालाही दिसलं असतं. "आणि आजाऱ्याला रोजा माफ असतो. हे काय मी तुम्हाला सांगायचं? इफ्तारला माझ्या पावातला मऊ तुकडा दुधात भिजवून त्यांना द्यायचो. सकाळी तुम्ही यायच्या आत जाळी पुसून ठेवायचो, वास यायला नको म्हणून. पण जे धडधाकट होते त्यांना मी शिवलो नाही, देवाशप्पथ! त्यांचा उपास तुमच्या हुकमाप्रमाणे पुरा झाला."

बघतेस ना काय झालं? औषधानं गुंगी आली, गुंगीमुळे त्याला दया आली. गुलाबी पोटं औषधाची होती की दुधापावाची, ते मला सांगता येत नाही. मी त्याला रागावूही शकले नाही. त्यानं विचारलं, "माझ्यामुळे कुणी मेलं का, होजाहानम?" त्या पोटं उघडलेल्या उंदरांपैकी कुणाबद्दल तो विचारत होता, देव जाणे.

आता नीट ऐक. या औषधाचा पोटाला उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. आहे असंही म्हणू शकत नाही. मला माहीत नाही. पण ते दुखणं बोथट करतं. दुखत नाही याचा अर्थ व्रण भरला, असा नव्हे. तो आत तसाच असू शकतो, त्यांना न कळता. गोळी एकदम बंद करू नकोस, तेही वाईट. रऊफ बेंना सांग. काय बोलायचं ते मला सुचत नाही, पण सांग, आणि दवाखान्यात ने. उद्याच.

मुअल्ला

*

मोदा
२ डिसेंबर १९८४

प्रिय मुअल्ला,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. तुझी तार हॉस्पिटलात माझ्या पर्समध्ये होती, न फोडलेली. आता सगळं सांगते.

तुझं ते पत्र पंचवीस ऑक्टोबरला आलं. मी वाचलं आणि पिठाच्या डब्यात ठेवलं. रऊफनं त्या रविवारी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना चहाला बोलावलं होतं. काढल्यापासून पहिल्यांदा. दोन दिवस तो नकाशे काढून भिंतीला लावत होता, मला विचारत होता, "अक्रोडाचा केक करशील? आणि ती खीरही, सगळ्यांना थोडी थोडी?" मी म्हटलं, खीर फक्त तुझ्यासाठी. तो लाजला, मुअल्ला. मी ठरवलं, एवढा चहा होऊ दे. सोमवारी सांगेन.

मुलं आली. आता मुलं कसली, टक्कल पडलेली, एक जण टॅक्सी चालवतो, त्यालाही नोकरीवरून काढलंय. रऊफ उभा राहून बोलत होता, हातात रूळ, पूर्वेकडच्या डोंगरांवर, तुझ्या एर्झुरुमपाशी पोचला होता. मी दारातून बघत होते. अगदी तोच माणूस, ज्याच्याशी मी लग्न केलं. मग त्यानं रूळ टेबलावर ठेवला, नीट, सरळ, आणि म्हणाला, "माफ करा मित्रांनो," आणि नकाशावर रक्त ओकला. टॅक्सीवाल्यानं त्याला उचलून नेलं.

हॉस्पिटलात एक पोरगेला डॉक्टर कागद घेऊन आला. "कुठली औषधं चालू आहेत?"

रऊफ खाटेवरून म्हणाला, "एकही नाही. दूध आणि अभिमान."

डॉक्टर म्हणाला, "भूल द्यायची आहे, नक्की सांगा. काहीच नाही?"

मला बोलावंच लागलं. मी गोळीचं नाव सांगितलं. किती, केव्हापासून, सगळं. डॉक्टरनं विचारलं, "मग हे एकही नाही का म्हणतात?" मी म्हटलं, त्यांना माहीत नाही. मी खिरीत घालत होते.

रऊफनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अनोळखी शहरात रस्ता विचारावा तसं. म्हणाला, "जुलैपासून?"

"हो."

मग म्हणाला, "मुनीरकडे रस्ता ओलांडून गेलो, तो मी होतो की ती गोळी?"

"तूच होतास, रऊफ."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. तुलाही माहीत नाही, तूच लिहिलंयस. तेवढ्यात त्याला आत नेलं.

तो वाचला. पोटाचा मोठा भाग काढला. सर्जन म्हणतात, व्रण उन्हाळाभर आत वाढत होता की भरून पुन्हा फुटला, ते कापूनही सांगता येत नाही. आधी केलं असतं तर सोपं गेलं असतं, एवढंच म्हणाले, तेही माझी नजर चुकवून. गोळी त्यांनी हळूहळू थांबवली.

घरी येऊन पंधरवडा होऊन गेला. तो मला एक शब्द वाईट बोललेला नाही. उशी लावली तर थँक यू म्हणतो, मेर्सी म्हणतो, आपल्या शाळेतल्या पाहुण्यांसारखं. खुर्ची परत खिडकीशी नेली आहे, ती मी नेली नाही, त्यानंच नेली. आणि तो स्वतःचं अंडं स्वतः उकडतो. भिंत धरून स्वयंपाकघरात जातो, पाण्यापाशी उभा राहतो, अंडं स्वतः सोलतो. संत्रं स्वतः सोलतो. अक्रोड फोडून घेतो. ज्याला साल आहे, कवच आहे, ते खातो. डॉक्टरांनी मऊ, पातळ, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्या म्हणून सांगितलंय. तो वाळत चाललाय, आणि मी घरभर भांडी घेऊन फिरते.

दुरसुन एफेंदीला बोलू नकोस. तो मला कळतो.

काल मी मसुराचं सूप केलं, गाळून, अगदी पातळ. त्याच्या समोर बसले. काही न बोलता आधी मीच दोन चमचे प्यायले, त्याला दिसेल असे, आणि मग वाडगा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हलक्या हातानं तो माझ्याकडे परत सरकवला.

"तूच पी, नेझिहे," म्हणाला. "तुला भूक लागली असेल."

नेझिहे